सर्व्हरवर काय टाकायचं? छोट्या व्यवसायासाठी परवडणारी ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो, तर बसायच्या आतच मालकांनी विचारलं, "दादा, विंडोज घेऊ की लिनक्स? लिनक्स फुकट असतं म्हणतात." मी टेबलावरचं एक जुनं डिलिव्हरी चलन उलटं केलं आणि म्हटलं, "आधी मला सांगा, तुमच्याकडे काय काय चालतं?"

पाऊण तासात चलनाची पाठ भरली. अकाउंटच्या तीन मशीनवर टॅलीप्राइम. डिझाइनमध्ये चौघे, सगळ्यांची ड्रॉइंग एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये. हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्राचं सॉफ्टवेअर, तेही फक्त विंडोजवर चालणारं. क्वालिटीचे स्कॅन केलेले रिपोर्ट. शॉपफ्लोअरवर व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) प्रोग्राम देणारा एक पीसी, त्यावर अजून विंडोज एक्सपी. आणि सगळे ज्याला 'सर्व्हर' म्हणत होते तो म्हणजे अकाउंटवाल्या ताईंचा रोजचा कॉम्प्युटर. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्याच्या पॉवर बटणावर खाकी चिकटपट्टी लावलेली होती.

उत्तर त्या यादीतूनच निघालं. छोट्या ऑफिसांची ही कामं करताना मला दरवेळी हेच दिसतं की ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी ठरते. आधी तिच्यावर काय चालणार, मग ती सांभाळणार कोण, आणि मग पैसे. जी पाच वर्षं वेळच्या वेळी अपडेट करत चालवता येते, ती सिस्टिम परवडणारी. पहिल्या दिवशी बिल किती आलं, हा त्यातला एक भाग झाला.

पहिली पायरी: चलनामागची यादी

प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर चार गोष्टी लिहा. ते कशावर चालतं, एका वेळी किती जण वापरतात, त्याचा डेटा नेमका कुठे साठतो, आणि ते एक दिवस बंद पडलं तर काय अडतं. डेटा कुठे साठतो हे बहुतेक ठिकाणी कोणालाच माहीत नसतं. तिथे थांबून शोधा, पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

टॅलीचं उदाहरण घेऊ. टॅली हा विंडोजचा प्रोग्राम आहे, पण त्याचा डेटा साध्या शेअर्ड फोल्डरमध्ये राहतो. म्हणजे तीन-चार जण वापरत असतील तर डेटा लिनक्सच्या सर्व्हरवर ठेवता येतो. लायसन्स मात्र ऑफिसातल्या एखाद्या विंडोज मशीनवरच चालू ठेवावं लागतं. याउलट बायोमेट्रिकचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर बसलेलं असतं. ते विकणाऱ्याला ईमेलने विचारा, "हे लिनक्सवरच्या डेटाबेसवर चालेल का?" उत्तर लेखीच घ्या. फोनवर 'चालतंय की' म्हणणं सोपं असतं. बहुतेकदा त्याखाली एसक्यूएल सर्व्हरची फुकट एक्स्प्रेस आवृत्ती असते. २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे, त्यामुळे डेटा आज किती झालाय तेही बघून ठेवा.

याच पायरीवर एक प्रश्न मोकळेपणाने विचारा: सर्व्हर लागतो का? चार-पाच मशीन आहेत, फक्त फाईल शेअर करायच्या आहेत, तर दोन डिस्कचा छोटा नॅस (नेटवर्कला जोडायचा, फाईल ठेवायचा डबा) पुरतो. साधं विंडोज ११ प्रो असलेलं मशीनही चालतं, फक्त त्यावर एका वेळी २० पेक्षा जास्त उपकरणं जोडायला परवानगी नाही. आणि रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून त्याचा स्क्रीन उघडून, एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. ही अट मोडणारे पॅच बाजारात फुकट फिरतात. ते वापरू नका. परवान्याचा भंग तर होतोच, पण अनोळखी माणसाने बदललेली फाईल तुमच्या हिशोबाच्या मशीनवर बसते.

विंडोज सर्व्हर लागणारच असेल तर

यादीत अडून बसलेलं एखादं सॉफ्टवेअर निघालं, किंवा हिंजवडीच्या शाखेतून पाच जणांना रिमोट डेस्कटॉपने एकाच मशीनवर काम करायचंय, तर विंडोज सर्व्हर घ्या आणि पुढे त्याबद्दल हळहळू नका. फक्त परवान्याची रचना समजून घ्या, कारण पैसे तिथे जातात.

२५ पर्यंत माणसं आणि ५० पर्यंत उपकरणं असतील तर एसेन्शियल्स आवृत्ती बघा. ती सर्व्हर मशीनसोबतच मिळते, एका प्रोसेसरची आणि १० कोअरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांची) मर्यादा आहे, पण तिला वेगळे कॅल लागत नाहीत. कॅल म्हणजे सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा उपकरणाचा परवाना. डीलरच्या कोटेशनमध्ये ही आवृत्ती बहुधा नसते, तुम्हाला नाव घेऊन मागावी लागते.

त्यापुढे स्टँडर्ड आवृत्ती. तिचा परवाना कोअरवर मोजतात आणि मशीनमध्ये सहाच कोअर असले तरी किमान १६ कोअरचे पैसे भरावे लागतात. २०२५ च्या स्टँडर्डची मायक्रोसॉफ्टच्या यादीतली किंमत १६ कोअरला १,१७६ डॉलर आहे. त्यावर जीएसटी, त्यावर कॅल. रिमोट डेस्कटॉप वापरायचं असेल तर त्याचे कॅल पुन्हा वेगळे. हे शेवटचं वाक्य अनेक कोटेशनमध्ये सापडत नाही आणि चार महिन्यांनी त्याचं बिल येतं.

कॅल युजरवर घ्यायचे की डिव्हाइसवर, हे शिफ्टवरून ठरवा. एका पीसीवर तीन शिफ्टमध्ये तीन जण बसतात, तर डिव्हाइस कॅल एकच लागतो. एक माणूस लॅपटॉप, ऑफिसचा पीसी आणि टॅब तिन्ही वापरतो, तर युजर कॅल. भोसरी-चाकणच्या शिफ्टवाल्या कारखान्यांत नुसत्या या एका निर्णयाने कॅलची संख्या निम्म्यावर आलेली मी पाहिली आहे.

हजार-दीड हजारात 'लाइफटाइम की' विकणाऱ्यांपासून लांब राहा. जीएसटीचं बिल आणि परवान्याचा कागद, दोन्ही हातात येत नसेल तर तो परवाना तुमच्या नावावर नाही. आणि ऑफिसात आधीच विंडोज सर्व्हर २०१६ असेल तर कॅलेंडर बघा. त्याची सुरक्षा अपडेट १२ जानेवारी २०२७ पर्यंतचीच आहेत. २०१२ आर२ ची मुदत तर ऑक्टोबर २०२३ मध्येच संपली.

लिनक्स घ्यायचं, तर कुठलं?

इथे लोक फार गोंधळतात, आणि खरं तर गोंधळायचं कारण नाही. छोट्या व्यवसायाने तीन नावांच्या पलीकडे जाऊ नये.

डेबियन. फाईल सर्व्हर, बॅकअप, प्रिंटर, छोटा डेटाबेस यांसाठी माझी पहिली पसंती. १९९३ पासून चालत आलेला, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला प्रकल्प. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. तीन वर्षं पूर्ण सुरक्षा अपडेट आणि पुढे दोन वर्षं लांब पल्ल्याची, अशी पाच वर्षं मिळतात. डेबियन १२ पासून नेटवर्क कार्डांचे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतात, त्यामुळे 'लॅन सापडत नाही' ही जुनी तक्रार बरीचशी संपली. सीडॅक या सरकारी संस्थेने सरकारी कार्यालयांसाठी काढलेलं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, पण व्यवसायासाठी मी मूळ डेबियनच सुचवतो. अडलं तर उत्तरं तिथे लवकर सापडतात.

उबंटू एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांब मुदतीची). सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती, पाच वर्षांची अपडेट. पाच मशीनपर्यंत उबंटू प्रो फुकट मिळतं आणि सुरक्षा अपडेटची मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. ईआरपीनेक्स्टसारखं ईआरपी (सगळ्या धंद्याचा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असेल तर मी हेच घेतो. फक्त एलटीएस हे शब्द बघूनच डाउनलोड करा. मधल्या आवृत्त्यांची अपडेट नऊ महिन्यांत संपतात.

अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स. एखादा विक्रेता म्हणाला की आमचं सॉफ्टवेअर फक्त रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सवर तपासलंय, तर त्याच्याशी जुळणारी ही दोन. पूर्वी इथे सेंटओएस असायचं. सेंटओएस ८ ची अपडेट २०२१ च्या डिसेंबरअखेर थांबली, ७ ची ३० जून २०२४ ला. अजूनही सेंटओएस ७ वर बिलिंग चालवणारी ऑफिसं भेटतात, त्यांनी यंदाच हलावं. अल्मा आणि रॉकीच्या आवृत्ती ९ ला २०३२ पर्यंत अपडेट आहेत. जुनं मशीन असेल तर प्रोसेसर तपासा, कारण या घराण्याच्या नव्या आवृत्त्या फार जुने प्रोसेसर स्वीकारत नाहीत.

कमांडची भीती वाटत असेल तर डेबियनवर ओपनमीडियाव्हॉल्ट बसवा. फोल्डर, युजर, परवानग्या, डिस्कची तब्येत हे सगळं ब्राउझरमधून दिसतं. तो मराठी नावाच्या फाईलही नीट ठेवतो. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्याला धाकधूक होती की श्रीलिपीत केलेली जुनी कामं लिनक्सवर उघडतील का. सर्व्हर फाईल जशीच्या तशी जपतो, ती उघडते समोरच्या विंडोज मशीनवर, तिथे फाँट असला की झालं.

विंडोजच्या मशीनला हा लिनक्स सर्व्हर दिसतो सांबा या प्रोग्राममुळे. टॅलीसारखा डेटा सांबावर ठेवताना एक सेटिंग आवर्जून बदला. एकाच फाईलवर अनेक जण लिहितात त्या शेअरला ऑपलॉक बंद ठेवा. ऑपलॉक चालू असताना विंडोज फाईलचा काही भाग स्वतःजवळ धरून ठेवतं आणि सगळं भराभर चालल्यासारखं वाटतं. पण लाइट गेली की तो भाग सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो. ड्रॉइंग आणि स्कॅनच्या शेअरला ही काळजी नको.

एक्सपीवाला पीसी

शॉपफ्लोअरवरच्या त्या जुन्या पीसीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण असा एक पीसी जवळपास प्रत्येक कारखान्यात आहे. एक्सपीला फाईल शेअरिंगची फक्त पहिली, एसएमबी१ ही पद्धत येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला तो याच पद्धतीतल्या फटीतून. नवीन विंडोज सर्व्हर आणि नवीन सांबा, दोन्हीकडे ती मुळातच बंद असते. मग कोणीतरी येतं, मुख्य सर्व्हरवर ती चालू करतं, मशीन चालतं आणि सगळे खूश होतात. त्या दिवसापासून सगळ्या हिशोबाचं दार उघडं राहतं.

आम्ही एक पडीक पीसी घेतला, त्यावर डेबियन टाकलं आणि दुसरं लॅन कार्ड बसवलं. एका बाजूला फक्त एक्सपीवाला पीसी, दुसऱ्या बाजूला ऑफिस. एसएमबी१ फक्त पहिल्या बाजूला, आणि तिथे फक्त मशीनच्या प्रोग्रामच्या प्रती. मूळ प्रोग्राम मुख्य सर्व्हरवर. खर्च एका लॅन कार्डाचा आला.

दोन्ही लागत असतील तर

आमच्या चलनावरच्या यादीला हेच लागू पडलं. फाईल आणि बॅकअपला लिनक्स उत्तम, हजेरीच्या सॉफ्टवेअरला विंडोज हवंच. अशा वेळी एका मशीनवर प्रॉक्समॉक्स (एकाच खोक्यात अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम) बसवायचं, तेही डेबियनवरच आधारलेलं आणि सबस्क्रिप्शनशिवाय फुकट वापरता येतं. त्यात एक आभासी मशीन विंडोजचं, एक डेबियनचं. विंडोजच्या मशीनचा रात्री स्नॅपशॉट घेता येतो आणि अपडेटने काही बिघडलं तर काही मिनिटांत मागे जाता येतं.

रॅम ३२ जीबी ठेवा. नुसत्या फाईल सर्व्हरला ८ जीबी पुष्कळ होते, पण इथे नाही. आणि विंडोज स्टँडर्डचा परवाना इथेही खऱ्या मशीनच्या सगळ्या कोअरचा लागतो, म्हणून विनाकारण २४ कोअरचा प्रोसेसर घेऊ नका.

रात्री आठला फोन कोण उचलणार?

मालकांना मी हा प्रश्न विचारला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भाच्याला थोडं कळतं." भाचा विंडोजवाला असेल तर त्याच्या हातात कमांड लाइनचा सर्व्हर देणं त्याच्यावर आणि धंद्यावर, दोघांवरही अन्याय आहे. मग एकतर ब्राउझरवाली मांडणी करा, नाहीतर वार्षिक करारावर माणूस नेमा. पुण्यात लिनक्स जाणणारी माणसं कमी नाहीत, इथे लिनक्स वापरणाऱ्यांचा प्लग नावाचा गट आहे, तिथे विचारलं तरी दिशा मिळते.

आता पैशाचा तक्ता करा, पाच वर्षांचा. परवाना, कॅल, जीएसटी, वार्षिक कराराचे पाच हप्ते, तिसऱ्या वर्षी नवीन डिस्क, यूपीएसच्या बॅटऱ्या. लिनक्सच्या रकान्यात परवाना शून्य असेल, पण माणसाचा खर्च शून्य लिहू नका. हा तक्ता केला की कधीकधी एसेन्शियल्स आणि डेबियनमधलं अंतर अगदी थोडं उरतं. अशा वेळी तुमच्या माणसाला जे येतं ते घ्या.

मशीन, धूळ, वीज

वर्कशॉपमध्ये लोखंडाची बारीक धूळ असते आणि ती वीज वाहून नेते, म्हणून सर्व्हर शॉपफ्लोअरवर ठेवू नका. डिस्क दोन घ्या, बुधवार पेठेतून घ्या की ऑनलाइन, पण सिरियल नंबर टाकून वॉरंटी कंपनीच्या साइटवर तपासा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत तो स्वतः नीट बंद होईल. ही केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडलेली असते.

बॅकअप, आणि तो उघडून बघणं

दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवर पुसलेली फाईल दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. एका अकाउंटन्सी ऑफिसात मी रोज रात्रीचा बॅकअप लावून दिला होता. रोज सकाळी 'यशस्वी' असा मेल यायचा. डिस्क गेली तेव्हा कळलं की कोणीतरी टॅली रात्रभर उघडं ठेवून जायचं आणि उघड्या फाईलींच्या अर्धवट प्रती निघत होत्या. उघडणारी शेवटची प्रत तीन आठवडे जुनी होती. दोन जणांनी चार दिवस बसून व्हाउचर पुन्हा भरली. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुठलाही एक फोल्डर परत काढून, तो टॅलीत उघडून, शेवटचं व्हाउचर जुळवून बघायचं, हा माझ्याकडे नियम आहे. मेलवर विश्वास ठेवत नाही.

मांडणी अशी ठेवा. रोजची प्रत दुसऱ्या मशीनवर, आणि ते मशीन स्वतः सर्व्हरकडून डेटा ओढून घेणारं हवं, म्हणजे ऑफिसच्या कुठल्याही पीसीला त्या प्रतींवर लिहिता येणार नाही. रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तरी तिथवर पोचत नाही. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, डिस्क काढा आणि मालकांच्या घरी न्या.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर यात कायदाही आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. वह्या आठ वर्षं जपायच्या आहेत. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहण्याची सोय १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे, त्यामुळे 'जुनी टॅली चालते म्हणून जुनं विंडोज ठेवलंय' हे आता चालणारं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग (कधी काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचं आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. विंडोज असो वा लिनक्स, मूळ मांडणीत जुने लॉग जागेच्या हिशोबाने पुसले जातात. मुदत बसवतानाच वाढवा.

चाचणी आणि बदल

निवड झाली की लगेच बदलू नका. जुन्या पीसीवर तीच सिस्टिम टाकून कालच्या डेटाच्या प्रतीवर दोन आठवडे काम करून बघा. तीन जणांनी एकदम टॅलीत नोंदी करायच्या. मोठं ड्रॉइंग उघडून सेव्ह करायचं. प्रिंट द्यायची. आणि एकदा मुद्दाम, सगळे काम करत असताना, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढायचा.

खरा बदल सुट्टीच्या दिवशी. भोसरीत गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते, पण त्याच दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाण्याचीही शक्यता, म्हणून आधी महावितरणचा मेसेज बघा. आम्ही बुधवारी संध्याकाळी शेवटची प्रत काढली, ती बाजूला ठेवली, आणि गुरुवारी डेटा हलवला. जुना कॉम्प्युटर महिनाभर तसाच, न पुसता ठेवला. शुक्रवारी सकाळी ताई आल्या, तीन व्हाउचर टाकून बघितली, आणि मग वाकून त्यांच्या पीसीच्या बटणावरची चिकटपट्टी नखाने काढली.

स्वयंचलित सुरक्षा अपडेट त्याच दिवशी चालू केली, आणि रीस्टार्टची वेळ गुरुवार पहाटेची ठेवली. राउटरवरून सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडू नका. बाहेरून यायचं असेल तर वायरगार्डचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची बंदिस्त वाट) लावा. त्यासाठी इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) मागावा लागेल, कारण घरगुती जोडणीत बहुतेकदा बाहेरून पोचता येईल असा पब्लिक आयपी नसतो.

शेवटी एक वही. त्यात मशीनचा सिरियल नंबर, डिस्क घेतल्याची तारीख, परवान्याच्या बिलाची प्रत, बॅकअप परत काढून बघितल्याच्या सह्या. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, मालकांच्या कपाटात. आणि सर्व्हरच्या खोक्यावर, समोरच्या बाजूला, मार्करने मोठ्या अक्षरात: डेबियन १३, अपडेट जून २०३० पर्यंत.